एक्सेलमधील ओळी झटपट खाली-वर कशा कराव्यात

गणेशोत्सवातील आरतीच्या पाळ्यांची यादी एक्सेलमध्ये तयार होते आणि ऐन वेळी एखादे कुटुंब आपली पाळी दोन दिवस अलीकडे मागते. अशा वेळी बरेच जण आधी एक रिकामी ओळ घालतात, मजकूर कापून तेथे चिकटवतात आणि मागे उरलेली रिकामी ओळ काढून टाकतात. एवढा द्राविडी प्राणायाम करण्याची गरज नाही.

ओळीच्या डावीकडील क्रमांकावर क्लिक करून ती संपूर्ण ओळ निवडावी. मग माउसचा बाण निवडीच्या कडेवर न्यावा आणि त्याच्या जागी चार टोकांची खूण दिसू लागली, की शिफ्टची कळ दाबून धरून ओळ हव्या त्या जागी ओढावी. ओढताना दोन ओळींच्या मध्ये एक रेघ दिसते. ओळ तेथेच जाऊन बसणार असते. सोडताना मात्र आधी माउसचे बटण सोडावे आणि नंतर शिफ्ट. शिफ्ट आधी सुटली, तर तेथील मजकूर बदलायचा का, असे एक्सेल विचारते. तेव्हा मुकाट्याने ‘कॅन्सल’ करावे.

माउस नको असल्यास ओळ निवडून कंट्रोल आणि एक्स दाबावे, जिच्या वर ती हवी आहे ती ओळ निवडावी आणि कंट्रोल, शिफ्ट व अधिक चिन्हाची कळ एकत्र दाबावी.

पाळ्यांच्या यादीत येथे एक फसगत होते. संपूर्ण ओळ हलवली, की तिच्यासोबत तारीखही हलते आणि सहाव्या दिवसाची तारीख चौथ्या दिवसाच्या आधी येऊन बसते. म्हणून तारखेचा रकाना वगळून फक्त नाव आणि फोन नंबर यांचे सेल निवडावेत व तेवढेच शिफ्ट धरून ओढावेत. तारखा जागच्या जागी राहतात. या वेळी रेघ आडवी आहे ना, हे पाहावे, कारण ती उभी असताना बटण सोडल्यास सेल बाजूच्या रकान्यात घुसतात. शिवाय ही अदलाबदल नव्हे. सहाव्या दिवसाचे कुटुंब चौथ्या दिवशी आले, की चौथ्या आणि पाचव्या दिवसाची कुटुंबे एकेक दिवस पुढे सरकतात. पाचव्या दिवसाच्या कुटुंबाला मूळ दिवस हवा असेल, तर त्यांचे सेल पुन्हा एक घर वर ओढावे लागतात.

एकमेकींना लागून नसलेल्या अनेक ओळी हलवायच्या असतील, तर हा उपाय चालत नाही, कारण अशी विखुरलेली निवड एक्सेल कापू देत नाही. तेव्हा यादीला लागूनच एक जादा रकाना घेऊन त्यात १, २, ३ असे क्रमांक भरावेत. अकरावी नोंद चौथ्या आणि पाचव्या नोंदींच्या मध्ये हवी असल्यास तिच्या क्रमांकाच्या जागी ४.५ लिहावे, असे सर्व बदल करून झाले, की संपूर्ण यादी निवडून त्या रकान्यानुसार चढत्या क्रमाने ‘सॉर्ट’ करावी. फक्त तो एकच रकाना निवडून सॉर्ट करू नये, नाहीतर क्रमांक एकीकडे आणि नावे दुसरीकडे अशी गत होते. यादीत मर्ज केलेले सेल असतील, तर ते आधी सुटे करून घ्यावेत.

गूगल शीट्समध्ये शिफ्टची भानगड नाही: ओळीच्या क्रमांकावर एकदा क्लिक करून ओळ निवडावी आणि तोच क्रमांक धरून ती ओढावी.