खंडानंतर एम.बी.बी.एस.च्या अभ्यासाला पुन्हा कसे लागावे

आजारपण, बाळंतपण, घरातील अडचण किंवा मनाला आलेला थकवा यांमुळे ज्याला एम.बी.बी.एस.चा अभ्यास काही महिने सोडावा लागला आहे, त्याने परतल्यावर पहिले दोन-तीन दिवस पुस्तकांना न देता महाविद्यालयाच्या विद्यार्थी विभागाला द्यावेत. थिअरीला किमान ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. शिवाय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीनुसार पहिल्या वर्षासाठी चारच प्रयत्न मिळतात आणि प्रवेशापासून नऊ वर्षांनंतर हा अभ्यासक्रम पुढे चालू ठेवता येत नाही. आपल्या प्रवेशवर्षाला कोणते नियम लागू होतात, कोणत्या पोस्टिंग (वॉर्डातील कामाच्या पाळ्या) पुन्हा कराव्या लागतील, इंटर्नलचे म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षेचे गुण आणि लॉगबुकवरच्या (केलेल्या कामाच्या नोंदवहीवरच्या) कोणत्या सह्या राहिल्या आहेत, हे लेखी विचारून घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबून वर्ष वाया जाऊ देऊ नये.

त्यानंतर अभ्यास. येथे बहुतेक जण पहिल्या धड्याच्या पहिल्या पानापासून वाचायला बसतात, आणि माझ्या मते हाच मार्ग सर्वांत जास्त वेळ खातो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेले स्मरणशक्तीचे प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. पूर्वी पाठ केलेले विसरल्यासारखे वाटले तरी ते पुन्हा पाठ करायला पहिल्या वेळेपेक्षा कमी वेळ लागतो, असे त्यांतून दिसले. म्हणून आधी काय शिल्लक आहे ते तपासावे आणि वाचन त्यानंतर करावे.

उदाहरणार्थ, पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर ब्रॅकियल प्लेक्सस, म्हणजे हाताला जाणाऱ्या नसांचे जाळे, काढावा: मज्जारज्जूतून निघणाऱ्या सी ५ ते टी १ या नसांची पाच रूट, त्यांतून तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड आणि शेवटी पाच मुख्य शाखा. हात जेथे अडेल तेथे प्रश्नचिन्ह करून पुढे जावे. मग सी ५ आणि सी ६ जेथे मिळतात तेथे इजा झाली तर काय दिसेल ते स्वतःच्या शब्दांत लिहावे: दंड अंगालगत लोंबतो आणि आत वळतो, कोपर सरळ राहते, तळवा मागे फिरतो. अर्ब्ज पाल्सीचे, म्हणजे या इजेने येणाऱ्या हाताच्या लुळेपणाचे, हे चित्र ज्याला कारणांसह सांगता आले, त्याने तो धडा पुन्हा अथपासून वाचण्याची गरज नाही. प्रश्नचिन्हांपुरते वाचून, दोन दिवसांनी तोच कागद पुन्हा कोरा घ्यावा.

ही पद्धत सुरुवातीला जड वाटते आणि वाचन सुखाचे वाटते. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, पण आठवड्यानंतर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले होते. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे ध्यानात ठेवून पहिले काही दिवस तो जडपणा सोसावा.

तासांची घाई करू नये. लेक्चर आणि पोस्टिंग सांभाळून पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीन तास सलग बसता आले तरी पुरे; दर आठवड्याला थोडी वाढ करावी, मात्र ती झोपेतून काढू नये. मानसोपचाराची औषधे चालू असतील तर अभ्यासात सुस्ती येते म्हणून ती परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांकडून वेळ किंवा मात्रा बदलून घ्यावी. रात्री मन फारच खचले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, तेथे मराठीतही बोलता येते.

नव्या बॅचमध्ये आपण वयाने मोठे असतो आणि त्याचा संकोच वाटतो, विशेषतः व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला). तरीही आपल्या जुन्या मित्रांपेक्षा याच मुलांबरोबर बसावे, कारण शिक्षकांचे सध्याचे प्रश्न त्यांनाच ठाऊक असतात. क्लिनिकल वर्षांत असाल तर संध्याकाळी वॉर्डात जाऊन एका रुग्णाची हिस्टरी परवानगीने घ्यावी, तपासणी करावी आणि रेसिडेंट डॉक्टरांपुढे केस मांडावी. तपासणीचा हात पुस्तकातून परत येत नाही.

इंटर्नलच्या किमान तीन आठवडे आधी विद्यापीठाची एक जुनी प्रश्नपत्रिका वेळ लावून, पेनने, एका बैठकीत सोडवावी. खंडानंतर बहुतेकांची लिहिण्याची सवय मोडलेली असते आणि येणारे उत्तरही वेळेअभावी अर्धे राहते, ते याच वेळी लक्षात येते.