हिमवादळानंतर डोंगरात जाताना: खान्देशातून निघणाऱ्यांसाठी

सातपुड्यात तोरणमाळला किंवा डाबला दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो. बर्फाशी आपली ओळख तेवढीच. म्हणून जानेवारीत जळगाव-भुसावळहून मनालीला किंवा केदारकंठाला गेलेल्या ग्रुपला वाटतं, वादळ थांबलं, ऊन पडलं, आता निघायला हरकत नाही. पण नवा बर्फ पडल्यावरचे पहिले 24 ते 48 तासच हिमस्खलनाच्या दृष्टीने सर्वांत वाईट असतात.

तयारी तिकिटापासून करा. परतीचं रिझर्व्हेशन काढताना दोन दिवस राखीव ठेवा. ‘परवा गाडी आहे’ म्हणून नको त्या दिवशी वर चढणारे बरेच असतात.

तिथे पोहोचल्यावर चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा पाहा, गाइडला विचारा. रस्ता बंद केला असेल तर ड्रायव्हरशी हुज्जत घालू नका. 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये नाथू-लाच्या रस्त्यावर हिमस्खलनात सात जण गेले. म्हणजे गिर्यारोहक नसलेल्यांनाही हा धोका आहेच.

आता उतार. 30 ते 45 अंशांचा उतार सर्वांत धोक्याचा. काठी उतारावर वरून खाली अशी टेकवून तिच्यावर फोन ठेवला की लेव्हलच्या अ‍ॅपमध्ये अंश कळतात. आपण सपाटीवर असलो तरी वर तसा उतार आहे का, हेही बघा. घसरलेल्या बर्फाचा लोट खाली बराच लांब येतो. वाऱ्याने उडालेला बर्फ डोंगराच्या आडोशाच्या बाजूला साठतो, ती बाजू टाळा. जुन्या बर्फात कधीकधी सुटे, रवाळ दाणे तयार होतात आणि त्यावर नव्या बर्फाचा घट्ट थर बसतो. खळ्यात ज्वारीचे दाणे पसरून वर फळी ठेवली तर ती जशी सरकेल, तसा हा थर निसटतो, आणि त्याला एका माणसाचं वजनही पुरतं. पायाखाली ‘धप्प’ आवाज आला, बर्फाला लांब भेग गेली किंवा समोर ताजा लोट उतरलेला दिसला तर आल्या वाटेने मागे फिरा. चर्चा खाली उतरून करा.

असा उतार ओलांडणं टळतच नसेल तर एकेकाने जा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवा. प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर म्हणजे गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं अंगावरचं यंत्र (चालू केलेलं!), प्रोब म्हणजे बर्फात खुपसून शोधायची लांब काठी आणि फावडं हवं. नुसत्या ट्रान्सीव्हरने माणूस सापडतो, बाहेर निघत नाही.

लोटात सापडलात तर ओरडा, काठ्या सोडा, कडेला सरकायचा प्रयत्न करा. वेग मंदावला की हात तोंडासमोर आणा. थांबलेला बर्फ घट्ट बसतो, मग हात हलत नाही.

सोबती गाडला गेला तर तो शेवटचा दिसला ती जागा लक्षात ठेवा. दुसरा लोट येत नाही ना, हे पाहून लगेच शोध घ्या. एकाने 112 ला फोन लावावा, पण सगळे मदत आणायला पळू नका. पहिल्या 10-15 मिनिटांत काढलेले बहुतेक वाचतात, पुढे शक्यता झपाट्याने घटते. ट्रान्सीव्हर शोध-मोडवर टाका, प्रोब लागला की तो तिथेच ठेवून उताराच्या खालच्या बाजूने खणा. आधी नाक-तोंड मोकळं करा, मग छाती. पाय नंतर काढले तरी चालतील.