नवं ब्लेड टोचतंय? बुचात ओढण्याआधी या चुका टाळा

सेफ्टी रेझरमध्ये नवं ब्लेड टाकलं की पहिली दाढी खरखरीत आणि दुसरी एकदम मऊ, हे बऱ्याच जणांचं होतं. धारेवर कारखान्यातच टेफ्लॉनसारखा पातळ लेप देतात, तो पहिल्या दाढीत थोडा झिजून बसतो. म्हणून काही जण नवी धार आधी बाटलीच्या बुचातून एकदा ओढून घेतात. मीही करतो, पण सगळ्या ब्लेडना नाही. फेदर कंपनीच्या ब्लेडसारखं जहाल ब्लेड असेल तर फरक पडतो, आपलं नेहमीचं मवाळ ब्लेड असेल तर उगाच भोथट होतं.

बूच झाडाच्या सालीचंच पाहिजे, वाइनच्या बाटलीला हल्ली प्लास्टिकचंही येतं ते नको. आणि करवतीसारखं मागेपुढे नाही करायचं, मी पहिल्यांदा तेच केलं आणि हनुवटीवर तीन ठिकाणी रक्त. दोन्ही आखूड बाजू चिमटीत धरा, धार टेकवून एकाच दिशेने हलकेच ओढा, बुचात बारीक चीर पडली की बास, मग दुसरी धार.

आजोबा ब्लेड काचेच्या ग्लासात आतून बोटाने दाबून घासायचे, आठवतंय? ते कार्बन स्टीलचं, लेप नसलेलं आणि वापरून बोथटलेलं पातं असायचं. आजच्या नव्या कोऱ्या स्टेनलेस ब्लेडवर तो प्रयोग केलात तर लेप खरवडून जाईल. टॉवेलने धार पुसणंही तसलंच, नुसतं पाण्याखाली धरून झटका.

आता खरी गंमत, कित्येकदा दोष धारेचा नसतोच. ब्लेड कागदात हलू नये म्हणून काही कंपन्या मेणाचे ठिपके लावतात, ते अंगठ्याने पुसायला गेलात की धारेवर फासतं आणि ब्लेड अडकत चालतं, गरम पाण्याने धुवा. दुसरं म्हणजे रेझर आवळताना ब्लेड सरकतं, एका बाजूला जास्त बाहेर येतं. समोरून डोळ्याजवळ धरून बघा, वाकडं दिसलं तर सैल करून, आखूड बाजूंनी धरून परत आवळा.

तरी कळत नसेल तर दाढी झाल्यावर ओली तुरटी फिरवा. सगळीकडे सारखी झोंबली तर ब्लेड बदला. फक्त जबड्याखाली झोंबली तर तिथे तुम्ही दाबताय किंवा पहिल्याच फेरीला केसांच्या उलट दिशेने रेझर चालवताय, त्याला बूच काय करणार.