सांधा आधी, रेघ मग: युरोपातल्या मालवाहतुकीत समुद्र कसा बसवायचा

आमच्या नियोजन विभागात नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात एक ठरलेली चूक करतो. मीही केली होती. नकाशा उघडायचा, माल जिथून निघतो तिथून जाड रेघ ओढायची, जमीन संपली की ठिपक्यांची निळी रेघ, पलीकडे पुन्हा जाड रेघ. किलोमीटर मोजायचे, वेगानं भागायचे, झाला प्रवासाचा वेळ. असा आराखडा दिसतो झकास, पण त्यातला माल कधीच वेळेवर पोहोचत नाही. कारण माल रेघेवर अडकत नाही, रेघा जुळतात तिथे अडकतो.

म्हणून मी नव्या मुलांना नकाशा बंद करायला लावते. कोरा कागद घ्या, दोन रकाने पाडा. एकात माल हलतो ते तास, दुसऱ्यात माल उभा असतो ते तास. आधी दुसरा रकाना भरायचा.

उदाहरण कायम तेच घेते: उत्तर इटलीतल्या व्हेरोनाहून स्वीडनमधल्या माल्मोजवळच्या गोदामात यंत्रांचे सुटे भाग न्यायचे आहेत. एक मार्ग सगळा रस्त्याचा: ब्रेनर खिंड, जर्मनी, डेन्मार्क, मग २००० साली सुरू झालेला ओरेसुंड पूल. दुसरा मार्ग रेल्वेनं रोस्टॉक बंदरापर्यंत, तिथून फेरीनं (ट्रक-ट्रेलर वाहून नेणाऱ्या जहाजानं) स्वीडनचं ट्रेलेबोर्ग बंदर आणि शेवटचे तीसेक किलोमीटर ट्रकनं. फेरीला सहा-सात तास लागतात. ते सगळ्यांना आठवतात. विसरतात ते मालगाडी टर्मिनलवर लागण्यापासून ट्रेलर जहाजाच्या रॅम्पवर चढेपर्यंतचे तास.

इथे साधं गणित करा. दिवसाला तीन फेऱ्या असतील तर दोन जहाजांमध्ये आठ तासांचं अंतर. वेळ न जुळवता आलेला ट्रेलर सरासरी चार तास उभा राहतो. आठवड्याला एकच जहाज असेल तर हीच सरासरी साडेतीन दिवसांवर जाते. त्यामुळे सागरी मार्ग निवडताना जहाजाचा वेग मी शेवटी बघते. आधी बघते ते जहाज किती वेळा सुटतं आणि चढायची शेवटची वेळ सुटण्याआधी किती.

अधिकृत नकाशा वाचताना

युरोपियन युनियनचं स्वतःचं वाहतूक जाळं आहे, टेन-टी. त्याचे सध्याचे नियम जुलै २०२४ मध्ये लागू झाले. मुख्य जाळं २०३० पर्यंत, विस्तारित मुख्य जाळं २०४० पर्यंत आणि सर्वसमावेशक जाळं २०५० पर्यंत पुरं करायचं आहे. त्यात नऊ कॉरिडॉर, म्हणजे अनेक देशांतून जाणारे लांब मुख्य मार्ग, आहेत. आपलं उदाहरण स्कँडिनेव्हिया–भूमध्य कॉरिडॉरवर येतं. समुद्रासाठी पूर्वी ‘सागरी महामार्ग’ अशी कल्पना होती, तिच्या जागी आता ‘युरोपीय सागरी क्षेत्र’ आलं आहे. नावात फारसं अडकू नका. कामाची गोष्ट एवढीच, की बंदर आणि त्यामागची रेल्वे आता एकत्र बघितली जाते.

हा नकाशा वाचताना पेन्सिल हातात ठेवा. त्यावर दिसणारं सगळं आज अस्तित्वात नसतं. मालगाडी ७४० मीटर लांब असावी, असं मानक आहे. तुमच्या मार्गावरच्या प्रत्येक बगलमार्गाला (गाडी बाजूला थांबवायच्या रुळाला) ती लांबी आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. ब्रेनरचा ५५ किलोमीटरचा पायथ्याचा बोगदा आणि जर्मनी-डेन्मार्कमधला फेमार्नबेल्टचा १८ किलोमीटरचा समुद्राखालचा बोगदा नकाशावर अगदी पुरे झाल्यासारखे दिसतात, प्रत्यक्षात दोन्हींचं काम चालू आहे. जे आज आहे त्याच्यावर टिंब द्या आणि आराखडा टिंबांवरच उभा करा.

खोक्याचं माप

हा भाग कंटाळवाणा वाटतो. पण माझी झोप सर्वांत जास्त यानंच उडवली आहे.

युरोपात माल बहुधा १२०० बाय ८०० मिलिमीटरच्या लाकडी पॅलेटवर (माल रचायच्या चौकटीवर) बसतो. तीन पॅलेट ८०० च्या बाजूनं शेजारी ठेवा किंवा दोन १२०० च्या बाजूनं, रुंदी होते २.४० मीटर. जगभर फिरणारा ४० फुटी कंटेनर आतून साधारण २.३५ मीटर रुंद असतो. म्हणजे पाच सेंटीमीटरनं गाडं अडलं. त्यात जेमतेम २४-२५ पॅलेट बसतात, तर १३.६ मीटरच्या रस्त्यावरच्या ट्रेलरमध्ये ३३. म्हणून युरोपांतर्गत समुद्रमार्गासाठी ४५ फुटी, थोडा रुंद कंटेनर वापरतात. त्यातही ३३ बसतात. ग्राहकानं ‘एक ट्रक माल’ म्हटलं की पहिला प्रश्न विचारा: किती पॅलेट?

ट्रेलर पाठवणार असाल तर दुसरा प्रश्न: तो क्रेननं उचलता येतो का? युरोपातल्या बहुतेक ट्रेलरना खालून पकडायच्या जागाच नसतात. असा ट्रेलर फेरीवर आरामात चढतो, साध्या रेल्वे वाघिणीवर मात्र चढवता येत नाही. मी एकदा बारा ट्रेलरचा सुंदर आराखडा केला होता. शुक्रवारी संध्याकाळी टर्मिनलवरून फोन आला की सात उचलता येत नाहीत. चूक सर्वस्वी माझी. ग्राहकाच्या यादीत तो रकानाच नव्हता आणि मी विचारलं नव्हतं.

चालक जाणार की नाही

फेरीवर दोन प्रकारे जाता येतं. एकात ट्रक आणि चालक दोघं सोबत जातात. दुसऱ्यात ट्रेलर एकटाच जहाजावर चढतो, पलीकडे दुसरा ट्रक तो ओढून नेतो. चालक सोबत असेल तर त्याच्या विश्रांतीचं गणित जहाजाच्या वेळापत्रकात बसवावं लागतं. रोजची नेहमीची विश्रांती ११ तासांची; फेरीवर घेतली तर ती जास्तीत जास्त दोनदा मोडता येते, तीही एकूण एका तासापुरती, आणि चालकाला झोपायला बर्थ किंवा केबिन लागते. सहा तासांच्या फेरीत ११ तास कुठून येणार? म्हणून चढण्याआधीचे आणि उतरल्यानंतरचे तास जोडून घ्यावे लागतात. आपल्या उदाहरणात मी ट्रेलर एकटाच पाठवते.

कागद

इथे अनुभवी माणसंही पडतात. युनियनमधल्याच एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल समुद्रानं गेला, तरी तो पलीकडे पोहोचल्यावर परका मानला जातो. त्याला मुख्य वाटा दोन: जहाज कस्टम्सकडे ‘नियमित सेवा’ म्हणून अधिकृत असलं पाहिजे, किंवा माल युनियनचाच असल्याचा पुरावा, म्हणजे टी२एल, हाती पाहिजे. अधिकृत नियमित सेवेचं जहाज मध्येच युनियनबाहेरच्या बंदराला लागू शकत नाही, आणि ब्रिटिश बंदर आता बाहेरचं आहे. म्हणून जहाज कंपनीला फक्त दर विचारू नका. ही सेवा अधिकृत आहे का, हे लेखी मागा. आयर्लंडचा माल ब्रिटन ओलांडून नेण्याऐवजी रॉसलेअर–डंकर्कसारख्या थेट फेऱ्यांकडे २०२१ पासून वळला, त्यामागे हीच कागदांची कटकट होती.

पैसे

५००० ग्रॉस टनांहून (हे जहाजाच्या आकाराचं माप, वजन नव्हे) मोठ्या जहाजांना २०२४ पासून कार्बनचे परवाने घ्यावे लागतात: २०२४ च्या उत्सर्जनाच्या ४० टक्के, २०२५ च्या ७० आणि २०२६ पासून पूर्ण १००. युनियनमधल्या दोन बंदरांमधला प्रवास पूर्ण धरतात, बाहेरून येणारा किंवा जाणारा निम्मा. ही रक्कम दरपत्रकात अधिभार म्हणून येते आणि बदलत राहते. जुना दर धरून वर्षभराचा करार करू नका, बस.

मोडल्यावर काय

ऑगस्ट २०१७ मध्ये जर्मनीत राश्टाटला बोगद्याचं काम चालू असताना वरचे रूळ खचले आणि ऱ्हाइन खोऱ्यातली मुख्य रेल्वे १२ ऑगस्टपासून २ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिली. फ्रान्समधून वळसा होता, पण तिथे फ्रेंच बोलणारे आणि तो मार्ग माहीत असलेले चालक पुरेसे नव्हते. पुढच्या वर्षी दुष्काळानं जर्मनीतल्या काउब गावाजवळ ऱ्हाइन नदीची पातळी २५ सेंटीमीटरवर आली. (हा आकडा खोलीचा नव्हे, मोजपट्टीवरचा, खोली त्याहून सुमारे एक मीटर जास्त असते. पण बार्ज (नदीतली मालवाहू बोट) अर्धी रिकामी चालवायला तेवढं पुरतं.) डिसेंबर २०२४ मध्ये वादळानं ब्रिटनमधलं, आयर्लंडच्या फेऱ्यांचं होलीहेड बंदर जानेवारीपर्यंत बंद पडलं.

तेव्हा पर्यायी मार्ग नुसता नकाशावर दाखवून चालत नाही. दुसऱ्या बंदरात खातं आधीच उघडलेलं असावं, आणि वर्षातून दोन-तीन ट्रेलर तिकडून मुद्दाम पाठवावेत. आपल्या मार्गासाठी मी लुबेकजवळचं ट्राव्हेमुंडे धरते. तिथूनही ट्रेलेबोर्गला जहाज जातं.

एक जाच मात्र कायमचा. रेल्वेचं वार्षिक वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलतं, आणि त्यासाठीची मागणी आधीच्या एप्रिलमध्ये नोंदवावी लागते. जहाज कंपन्या मात्र मधेच कधीही वेळा हलवतात. एप्रिलमध्ये मी जहाज कंपनीला पुढच्या वर्षाच्या वेळा विचारते, त्या देत नाहीत, मग मी चालू वर्षाच्या वेळा धरून दोन तासांची फट ठेवते. याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

पहिला ट्रेलर

सगळं जमलं की पहिल्या ट्रेलरसोबत स्वतः जा. निदान बंदराच्या फाटकापासून रॅम्पपर्यंत तरी. पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या कागदावर या अंतराला ४० मिनिटं होती. घड्याळात एक तास पन्नास मिनिटं निघाली: २० मिनिटं फाटकावर, अर्धा तास ट्रेलरच्या एका चाकातली हवा कमी असल्यानं, बाकीचा वेळ बंदरातला ओढगाडीचा चालक पाळी बदलायला गेला होता म्हणून. तो रकाना मी तिथेच, धक्क्यावर उभी राहून, पेनानं दुरुस्त केला.