कार्ट्रिज लॅबमध्ये चालते, धडगावात अडते: या चुका टाळा

रक्ताचा थेंब टाकला, झाकण दाबले, यंत्रात सरकवले, निकाल आला. वापरणाऱ्याला इतके सोपे वाटणारे कार्ट्रिज, म्हणजे रक्त तपासायची प्लास्टिकची छोटी डबी, बनवणाऱ्याला मात्र रडवते. पाइप, ठिबकच्या नळ्या आणि चटया करून प्लास्टिकवर हात बसलेली माणसे जळगावात भरपूर आहेत. सातपुड्यात सिकलसेलची (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची) तपासणी पाड्यापाड्यावर पोचवायची गरजही आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले. नंदुरबारमधल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांना हा आजार नवा नाही. म्हणजे गरज इथेच, कारागीरही इथेच. तरी पहिले डिझाइन बहुधा फसते.

फसले की आधी रसायनाला शिव्या बसतात. माझ्या पाहण्यात रसायन क्वचितच दोषी निघते. बहुतेक वेळा नको तिथे हवा अडकलेली असते, नाहीतर नको तिथे पाणी शिरलेले असते. खालच्या बहुतेक चुका याच दोन घरच्या आहेत.

रंगीत पाण्यावर पास

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. वाहिनी (रक्त वाहून नेणारी कार्ट्रिजमधली बारीक खाच) भरते का ते पाहायला खाण्याचा रंग घातलेले पाणी वापरायचे, व्हिडिओ काढायचा आणि सगळ्यांना पाठवायचा. रक्त पाण्यापेक्षा साधारण तीन-चार पट घट्ट असते आणि काही मिनिटांत गोठायला लागते. शिवाय सिकलसेलच्या रुग्णाचे रक्त तुमच्या ऑफिसातल्या धडधाकट मुलांसारखे नसते. निरोगी माणसात लाल पेशींचा वाटा ४० ते ४५ टक्के, तर या रुग्णांत तो २० ते ३० टक्क्यांवर आलेला सापडतो. रक्त पातळ, म्हणून ते वाहिनीत लवकर पळते. त्यात प्लाझ्मा जास्त, म्हणून रसायनही जास्त पातळ होते. नवजात बाळाचे नेमके उलटे, त्याचे रक्त दाट असते. तेव्हा चाचणीचा पल्ला २० टक्क्यांपासून ६० टक्क्यांपर्यंत ठेवा. ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) घातलेले रक्त प्राथमिक तपासणीला ठीक आहे, पण शेवटचा शब्द बोटातून काढलेल्या थेंबाचाच हवा. डिसेंबरच्या सकाळी नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगावकडे बोटे इतकी गार असतात की थेंब मोठा होत नाही. मग सिस्टर बोट पिळतात आणि रक्तात ऊतींमधले पाणी मिसळते. तुमच्या डिझाइनला ४० मायक्रोलिटर लागत असतील तर त्या थंडीत ते तुम्हाला मिळणार नाहीत. गरज १० ते १५ वर आणा. मोजमाप कार्ट्रिजनेच करावे, माणसाच्या अंदाजावर सोडू नये.

जाता जाता एक गोष्ट. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भातले हिमोग्लोबिन अजून भरपूर असते आणि सिकलचे कमी, म्हणून विद्राव्यतेवर (सिकलचे हिमोग्लोबिन नीट विरघळत नाही यावर) चालणारी चाचणी त्या वयात भरवशाची नाही. हा दोष कार्ट्रिजच्या रचनेचा नाही, तरी वेष्टनावर ठळक लिहिले नाही तर खापर तुमच्यावरच फुटते.

फुगा

आता मुख्य शत्रू. अर्धा मिलिमीटर रुंद, ०.१ मिलिमीटर खोल आणि ४० मिलिमीटर लांब वाहिनीत मावते किती? २ मायक्रोलिटर. एवढ्याशा जागेत मोहरीपेक्षा लहान फुगासुद्धा रस्ता पूर्ण अडवतो.

फुगा येतो कुठून? पहिले कारण, हवेला बाहेर जायला वाट नसते. तेलाच्या डब्याला दुसरे भोक पाडल्याशिवाय तेल नीट ओतता येत नाही, तसेच हे आहे. किंवा वाट असते, पण चुकीच्या जागी: खोली (कार्ट्रिजमधली द्रव साठायची पोकळी) पूर्ण भरायच्या आधीच द्रव व्हेंटपाशी (हवा जायच्या भोकापाशी) पोचतो आणि मागच्या कोपऱ्यात हवा कोंडली जाते. व्हेंट नेहमी सगळ्यात शेवटी भरणाऱ्या बिंदूवर हवा. चौकोनी खोलीचे कोपरे गोल करा, शक्य असेल तर खोली थेंबाच्या आकाराची, तोंडाकडे आणि शेपटाकडे निमुळती करा. आणि भरण्याची चाचणी सपाट टेबलावरच करू नका. उपकेंद्रातले टेबल एका पायाने हलते आणि शिबिरात तर कार्ट्रिज मांडीवर ठेवूनही भरले जाते. पंधरा-वीस अंश तिरपे धरून, दोन्ही बाजूंनी, भरून बघा.

दुसरे कारण उष्णता. पीसीआरवर (डीएनएच्या प्रती वाढवून शोधायच्या पद्धतीवर) चालणाऱ्या कार्ट्रिजमध्ये द्रव ९५ अंशांपर्यंत तापवावा लागतो. द्रवात विरघळलेली हवा तापल्यावर बाहेर पडते, हे सगळ्यांना माहीत असते. विसरले जाते ते उंचीचे. नंदुरबारमधले तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरपेक्षा उंच आहे. तिथे पाणी शंभर अंशांना नाही, ९६ अंशांच्या आसपास उकळते. खोली व्हेंटने बाहेरच्या हवेला उघडी असेल, तर तुमचा ९५ अंशांचा टप्पा तिथे उकळीच्या उंबरठ्यावर असतो. तापमानाच्या नियंत्रणात एक अंश इकडचा तिकडे झाला की आत बुडबुडे. जळगावात शंभरातले शंभर चालणारे डिझाइन घाट चढल्यावर का बिघडते, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. तापवण्याआधी खोली बंद करणारी झडप द्या किंवा वरून थोडा दाब ठेवा.

तिसरे कारण कपटी आहे. प्लास्टिकचा पृष्ठभाग पाण्याला जवळ करावा म्हणून प्लाझ्मा ट्रीटमेंट देतात (हा प्लाझ्मा म्हणजे विद्युतभारित वायू, रक्तातला नव्हे). पहिल्या आठवड्यात वाहिनी आपोआप भरते, सगळे खूश. पण हा परिणाम टिकाऊ नसतो. काही आठवड्यांत, आणि उन्हाळ्याच्या गोदामात त्याहून लवकर, पृष्ठभाग पुन्हा पाण्याला झटकू लागतो. ताजी कार्ट्रिज पास आणि महिनाभर ठेवलेली नापास होत असतील तर सगळ्यात आधी इथे बघा. त्यापेक्षा झाकणाची फिल्मच पाण्याला ओढणारी घ्या, किंवा वाहिनीत ट्वीन-२० सारखा सर्फॅक्टंट (साबणासारखे रसायन) सुकवून ठेवा.

सीएनसीवरचे मॉडेल म्हणजे कार्ट्रिज नव्हे

पहिले नमुने ॲक्रिलिकच्या पाटीत सीएनसीने (संगणकावर चालणाऱ्या कोरणयंत्राने) कोरलेले असतात आणि ते छान चालतात. कटरच्या बारीक रेघांमुळे पृष्ठभाग खरबरीत असतो आणि रक्त त्यावर पसरते. मोल्डमधून (साच्यातून) निघालेला भाग मात्र आरशासारखा गुळगुळीत. तिथे तेच रक्त अडते. म्हणून नमुन्याच्या निकालावर सगळे ठरवू नका. आधी एका कॅव्हिटीचा (एका वेळी एकच भाग देणाऱ्या पोकळीचा) स्वस्त ॲल्युमिनियमचा मोल्ड करून त्यावर चाचण्या घ्या.

वाहिनी किती खोल आहे यातल्या फरकाकडे दुर्लक्ष करणेही महागात पडते. रुंद, उथळ वाहिनीचा अडथळा खोलपणाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. १०० मायक्रॉनची वाहिनी ९० मायक्रॉन निघाली तर अडथळा सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो. पाइपच्या धंद्यात दहा मायक्रॉन कोणी विचारत नाही. इथे तेच निकालाची वेळ ठरवतात. ड्रॉइंगवर सगळीकडे एकच टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहून देऊ नका. ज्या दोन-तीन मापांवर काम अवलंबून आहे तिथे कडक, बाकी ठिकाणी सैल. नाहीतर मोल्डवाला एकतर दुप्पट पैसे सांगेल, नाहीतर सगळीच टॉलरन्स झुगारून देईल.

मोल्डिंगवाल्याशी आणखी दोन गोष्टी आधीच बोलून घ्या, आणि त्या लेखी घ्या. दळलेला माल मिसळायचा नाही, फक्त व्हर्जिन दाणा. चटईला चालतो म्हणून तो इथे चालत नाही. प्रकाशावर मोजणाऱ्या चाचणीत त्याची स्वतःची चमक निकालात मिसळते. दुसरे म्हणजे मोल्डला सिलिकॉनचा रिलीज स्प्रे मारायचा नाही. त्याचा पातळ थर भागावर राहतो, फिल्म चिकटत नाही आणि रक्त पसरत नाही. शॉपफ्लोअरवर ती बाटली हाताशीच असते आणि भाग अडकला की ऑपरेटर सवयीने मारतो. भाग सहज सुटावा म्हणून भिंतींना एक-दोन अंशांचा ड्राफ्ट (किंचित उतार) तुम्हीच द्यायला हवा होता.

मटेरियलबद्दल थोडक्यात. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि रसायनांना दाद न देणारे, पण आकसते, वाकते आणि पाण्याला झटकते. पॉलिकार्बोनेट उष्णता सोसते, मात्र मोल्डिंगआधी दाणा १२० अंशांवर तीन-चार तास वाळवला नाही तर चंदेरी रेघा येतात. ॲक्रिलिक पारदर्शक आणि सोयीचे, पण स्पिरिट लागले की ताण असलेल्या जागी बारीक तडे जातात, आणि सिस्टरांच्या हातात स्पिरिटचा बोळा असतोच. सीओसी (सायक्लिक ओलेफिन कोपॉलिमर) या सगळ्यांत गुणी, आणि महाग. पीडीएमएस (सिलिकॉन रबर) कॉलेजच्या प्रयोगांपुरते ठेवा.

मे वेगळा, ऑगस्ट वेगळा

खानदेशात एकाच कार्ट्रिजला दोन हवामाने सोसावी लागतात. भुसावळ-जळगावचा मे ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कोरडा असतो. सातपुड्यातल्या मोलगी, अक्कलकुव्याकडे ऑगस्टमध्ये कपडे दोन दिवस वाळत नाहीत. टीबीच्या सीबीनॅट चाचणीची कार्ट्रिज २ ते २८ अंशांत ठेवायची असतात. भुसावळात मे महिन्यात तेवढा गारवा एसीशिवाय रात्रीही मिळायचा नाही. तेव्हा आपलेही सामान थंड राहील असे गृहीत धरून चालत नाही.

टिकाऊपणाची चाचणी ओव्हनमध्ये करतात, आणि दर १० अंशांना बिघाडाचा वेग दुप्पट होतो असे धरून हिशेब मांडतात. त्यात दोन गोच्या आहेत. एक, ओव्हन कोरडा असतो. त्यात मे महिन्याची परीक्षा होते, ऑगस्टची होतच नाही. आर्द्रता ठरवता येणाऱ्या चेंबरमध्ये, दिवस-रात्रीसारखे तापमान वरखाली करत, पाउचसकट ठेवायला हवे. दोन, लायोफिलाइज केलेली (गोठवून निर्वातात सुकवलेली) रसायनाची गोळी एका तापमानापलीकडे खचून चिकट होते. तिथे दुप्पटचा नियम लागूच पडत नाही. ती गोळी ओलाव्याला इतकी हावरी असते की उघड्यावर काही मिनिटांत बिघडते, म्हणून गोळ्या भरायचे दालनही अगदी कोरडे लागते. पाउच ॲल्युमिनियमचाच घ्या, आणि घडीवर सूक्ष्म भोके पडतात का ते तपासा. पाउचमधला ओलावा शोषायला, म्हणजे डेसिकंट म्हणून, कमी आर्द्रतेत आणि उन्हाळ्यात साध्या सिलिका जेलपेक्षा मॉलिक्युलर सीव्ह जास्त कामाचे.

उलट बाजूही बघा. द्रव भरलेल्या ब्लिस्टरमधून (फॉइलच्या फुगीर कप्प्यातून) पाणी हळूहळू बाहेर जाते आणि बफर (चाचणीचा द्रव) दाट होतो. पकडायची युक्ती अगदी स्वस्त आहे: दर आठवड्याला त्याच कार्ट्रिजचे वजन करा. वजन घटले की गळती, वाढले की ओलावा.

सीलबद्दल एवढेच की चिकट टेप उन्हात सरकते. उन्हात उभ्या बंद जीपमध्ये ६० अंश सहज होतात, तेव्हा टेपची परीक्षा तिथे घ्या. अल्ट्रासोनिक वेल्डिंग मजबूत, पण त्या थरथरीने आतली गोळी फुटते. गोळी नंतर भरा किंवा लेझर वेल्डिंगचा विचार करा.

हात आणि डोळे

शिबिरात वेळ वाचावा म्हणून सकाळीच पंचवीस पाउच फोडून ठेवले जातात. त्यांना दोष देऊ नका, पुढे रांग असते. एकाच हालचालीत पाउच फाटेल अशी खाच द्या आणि फोडल्यावर ओलाव्याने रंग बदलणारा ठिपका आत ठेवा. उलटे घातले तर कार्ट्रिज आतच जाऊ नये, इतकी एका कोपऱ्याची कापणी पुरते. एकदा बंद झालेले झाकण पुन्हा उघडू नये. पीसीआरच्या चाचणीत उघडे झाकण म्हणजे पुढचे निकाल खोटे पॉझिटिव्ह यायचा धोका. सूचना चित्रांत द्या. आशाताई, सिस्टर आणि टेक्निशियन यांच्यात मराठी, अहिराणी, पावरी सगळेच चालते, आणि बारीक इंग्रजी अक्षरे कोणीच वाचत नाही. दोन पट्ट्यांचा निकाल पत्र्याच्या शेडखाली आणि भर उन्हात, दोन्हीकडे वाचून बघा.

वापरल्यावर काय, हे डिझाइन करतानाच ठरवा. आत ग्वानिडिन थायोसायनेट (पेशी फोडणारे रसायन) असेल तर त्यावर ब्लीच ओतायचे नाही, विषारी वायू सुटतो. आरोग्य केंद्रात मात्र रक्त दिसले की हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच, ओतायची पक्की सवय असते. म्हणून ही सूचना माहितीपत्रकात पुरून ठेवू नका, कार्ट्रिजवरच छापा. कागदपत्रांचे म्हणाल तर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ प्रमाणे चाचणीपुरती कार्ट्रिज बनवायलासुद्धा एमडी-१३ परवाना लागतो. तो आधी काढा.

बिघाड शोधताना

गावातून फोन येतो, «हाई बी खराब शे», आणि ते कार्ट्रिज कचऱ्यात गेलेले असते. फसलेले कार्ट्रिज, त्याचा पाउच आणि डेसिकंट सुरक्षितपणे बंद डब्यात परत मागवा, फोटोवर भागवू नका. आधी वजन, मग वाहिनीत रक्त कुठपर्यंत पोचले ते, मग गोळी विरघळली का. रक्त अर्ध्यावर थांबले असेल तर प्रश्न हवेचा किंवा पृष्ठभागाचा. पूर्ण भरून निकाल फिका असेल तर ओलाव्याचा संशय धरा. हे सगळे नेमके कळावे म्हणून मोल्डच्या प्रत्येक कॅव्हिटीचा आकडा भागावर उमटवा; चार कॅव्हिटींतल्या एकीचाच व्हेंट बुजलेला असणे नेहमीचे आहे, आणि आकडा नसेल तर तो दोष चारातला एक असा विखुरलेला दिसतो. तीन नंबर सतत फसत असेल तर मोल्ड उघडा. चारही सारखेच फसत असतील तर मोल्डवाल्याला फोन करू नका, पाउचचा लॉट तपासा.