जुन्या ग्रेडरची तेलगळती नेमकी कुठून, हे शोधताना

ग्रेडरच्या (रस्ता सपाट करणाऱ्या मशीनच्या) गिअरबॉक्सखालचा सगळा भाग तेल-धुळीने माखलेला असला की गळती कुठून होते ते कळत नाही, आणि भलतंच सील बदललं जातं.

१. आधी ब्रीदर (गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारं तोंड) साफ करा. तो तुंबला की आत दाब वाढतो आणि चांगलं सीलही गळू लागतं. कधीकधी काम इथेच संपतं!
२. खालचा भाग डिझेलने धुऊन पूर्ण कोरडा करा, वर टाल्कम पावडर मारा.
३. थोडा वेळ चालवून बंद करा. पावडरवर ओला माग दिसेल. त्याचं सर्वांत वरचं टोक बघा, थेंब पडतो ती जागा नव्हे. तेल खाली आणि वाऱ्याने मागे सरकतं.

आवाजही येत असेल तर क्लचवाल्या मशीनवर न्यूट्रलमध्ये ऐका. क्लच दाबल्यावर आवाज थांबला तर संशय इनपुट शाफ्टच्या (इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर. एकाच गिअरमध्ये येत असेल तर त्याच गिअरचे दाते. काढलेल्या तेलात चुंबक फिरवा: बारीक राखाडी लेप चालतो, तुकडे मिळाले तर मशीन उभं करा.

खाली जाण्याआधी ब्लेड जमिनीवर टेकवा, चाकांना उटी (अडवायचे ठोकळे) लावा, इंजिन बंद.