अमेरिकेत आईबाबांचा विमा हेल्थकेअर डॉट गव्हवर काढताय? या चुका टाळा

शेजारचे काका-काकू ग्रीन कार्डावर ह्यूस्टनला मुलीकडे राहायला आले, तेव्हा हेल्थकेअर डॉट गव्ह या सरकारी साइटवर त्यांचा आरोग्यविम्याचा फॉर्म भरून द्यायला मी बसलो. अर्ध्या तासाचं काम म्हणून चहा ठेवला. उठलो तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. विम्यातलं काही अडलं नव्हतं. अडलं होतं काकांच्या नावातलं ‘व’.

काका आयुष्यभर सही ‘डब्ल्यू’ने करत आले, पासपोर्टावर मात्र ‘व्ही’ आहे. मी त्यांना विचारलं, त्यांनी सवयीने ‘डब्ल्यू’ सांगितलं, मी टाइप केलं. साइट हे नाव सोशल सिक्युरिटी या सरकारी खात्याच्या नोंदीशी ताडून बघते, त्यामुळे चूक आमचीच. नाव तोंडी विचारूच नका, सोशल सिक्युरिटीचं कार्ड समोर ठेवून अक्षर न अक्षर उतरवा. आपल्याकडे पासपोर्टावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बऱ्याचदा स्वतःच्या नावाला जोडूनच छापलेलं असतं, ते गाळू नका आणि त्याचं आद्याक्षरही करू नका.

दुसरा अडसर ‘एलियन नंबर’चा, म्हणजे परदेशी नागरिकाला सरकार देतं त्या क्रमांकाचा. काकू म्हणाल्या, “आम्ही काय चंद्रावरून आलोय का?” गंमत अशी की ग्रीन कार्डावर हे शब्द शोधून सापडत नाहीत. तिथे ‘यूएससीआयएस नंबर’ (यूएससीआयएस म्हणजे इथलं स्थलांतर खातं) असं छापलेलं असतं, नऊ आकडी, तोच हा. फॉर्ममध्ये ‘कार्ड नंबर’ वेगळा मागतात. तो कार्डाच्या मागच्या बाजूला असतो, आधी तीन अक्षरं आणि मग दहा आकडे. या दोघांची अदलाबदल झाली की पडताळणी अडकलीच म्हणून समजा.

जन्मतारखेत महिना आधी येतो. ४ जून ही तारीख ०४/०६ अशी लिहिलीत तर साइट मुकाट्याने ६ एप्रिल धरते. बाराच्या पुढची तारीख असेल तर निदान हटकते तरी.

ओळख पटवण्याच्या पायरीवर नवे आलेले लोक हमखास अडकतात. तिथले प्रश्न एक्सपेरियन या पतनोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडच्या नोंदींवरून येतात: जुनं कर्ज, जुना पत्ता वगैरे. नुकत्याच आलेल्या माणसाच्या नावावर इथे कर्ज कुठून असणार? अंदाजाने उत्तरं ठोकू नका. कागदपत्रं अपलोड करा किंवा फोन करा. आयफोनने काढलेला फोटो आधी जेपीजी किंवा पीडीएफ करून घ्या, दहा एमबीच्या आत ठेवा आणि फाइलच्या नावात तारांकन, अपूर्णविराम असलं काही घालू नका.

काकांचा मोतीबिंदू अजून काढायचा आहे, म्हणून मी लॅपटॉपवर अक्षरं दुप्पट केली. ‘कंट्रोल’ धरून अधिकचं बटण दाबलं की होतं. पण इतकं मोठं केल्यावर चूक दाखवणारा लाल मजकूर वर राहून जातो आणि आपण खाली ‘सेव्ह’ दाबत बसतो. पान पुढे सरकेना तर आधी वर जाऊन बघा. ब्राउझरचं मराठी भाषांतर मात्र बंदच ठेवा. त्यात ‘डिडक्टिबल’चं ‘वजावट’ होतं आणि काकांसारखा बँकेतून निवृत्त झालेला माणूस ते प्राप्तिकरातलं समजतो. डिडक्टिबल म्हणजे कंपनी हात लावायच्या आधी खिशातून जाणारी वर्षाची रक्कम.

सगळ्यात महागात पडणारी चूक उत्पन्नाच्या रकान्यात होते. तिथे गेल्या वर्षीचं नाही, ज्या वर्षाचा विमा घ्यायचा त्या वर्षाचं अंदाजे उत्पन्न हवं असतं. भारतातली पेन्शन आणि एफडीचं व्याज त्यात येतं. ‘ते तिकडचं आहे’ म्हणून सोडता येत नाही. मुलगी आईवडिलांना करविवरणात अवलंबित दाखवत असेल तर तिचंही उत्पन्न धरलं जातं. या उत्पन्नावरून हप्त्यात मिळणारी सरकारी सवलत जास्त घेतली गेली तर करविवरणाच्या वेळी परत करावी लागते, आणि २०२६ या करवर्षापासून या परतफेडीला असलेली कमाल मर्यादा उठली आहे. आणखी एक: गरिबीरेषेखाली उत्पन्न असूनही पाच वर्षं थांबायच्या अटीमुळे मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) न मिळणाऱ्या ग्रीन कार्डधारकांना आधी इथे सवलत मिळायची, तीही २०२६ पासून बंद झाली. जुने व्हिडिओ बघून गणित मांडू नका.

साइट १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाली, त्या दिवशी तिच्यावर सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली होती. प्लॅन बघायच्या आधी खातं उघडायची सक्ती हे तेव्हाच्या कोंडीचं एक कारण. आता झिप कोड (इथला पिनकोड) टाकून खात्याशिवाय प्लॅन आणि दर बघता येतात, तेव्हा आधी तेच करा. साइटचा पत्ता मात्र स्वतः टाइप करा. गूगलवर वर येणाऱ्या जाहिरातींपैकी एकीवर मी फोन नंबर टाकला आणि पुढचे दोन आठवडे एजंटांचे फोन झेलले. शेवटी ‘डॉट गव्ह’ आहे ना, बघा. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्कसारख्या राज्यांच्या स्वतःच्या साइट आहेत; टेक्सासवाल्यांना हीच.

आपली औषधं प्लॅनमध्ये येतात का हे शोधताना ग्लायकोमेट, थायरोनॉर्म, टेल्मा टाकलंत तर हाती काही लागणार नाही. मेटफॉर्मिन, लेव्होथायरॉक्सिन, टेल्मिसार्टन टाका. स्ट्रिपवर बारीक अक्षरांत मूळ नाव असतं. भारतातून येताना आणलेल्या स्ट्रिप फेकू नका.

सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांसाठी हे दुकान नाही, त्यांना प्रवासी विमाच घ्या. ग्रीन कार्डावर आलेल्यांना हिवाळ्यातल्या नोंदणीची वाट बघावी लागत नाही, पण आल्यापासून साठ दिवसांची मुदत असते आणि ती सामान उघडण्यातच निघून जाते.

अगदीच अडलं तर १-८००-३१८-२५९६. दुभाषा मोफत मिळतो, मराठीचा मागून बघा.

प्लॅन निवडल्यावर काकांनी लॅपटॉप मिटला आणि पेढा पुढे केला. मी लॅपटॉप पुन्हा उघडायला लावला. पहिला हप्ता विमा कंपनीकडे जमा होईपर्यंत विमा सुरू होत नाही, आणि तो भरायचं बटण त्या अभिनंदनाच्या पानाखालीच होतं.